सलोनिकाच्या छावणीतला रक्तगटांचा तक्ता

आमच्या रक्तपेढीच्या दाराशी एक फळा आहे. रोज सकाळी तिथला तंत्रज्ञ त्यावर खडूने शिल्लक पिशव्यांचे आकडे लिहितो. रक्तदान शिबिराच्या दुसऱ्या दिवशी हा फळा पाहण्यासारखा असतो. ओ आणि बी या गटांचे आकडे मोठे, ए त्यांच्या मागे आणि एबी अगदी थोडा. नवे शिकाऊ डॉक्टर कधीकधी फळ्यापुढे घुटमळतात. परदेशी पाठ्यपुस्तकात त्यांनी वाचलेले असते की बी गट कमी लोकांत आढळतो, दहातल्या एकाच्या आसपास. इथे तर बीच्या पिशव्यांनी कपाट भरलेले. पुस्तक चुकले की फळा? दोन्ही बरोबर आहेत. पुस्तक इंग्लंडमधल्या माणसांवरून लिहिले आहे, फळा आपल्या माणसांवरून.

रक्तगट जगात सगळीकडे तेच असले तरी त्यांचे प्रमाण मुलखागणिक बदलते, ही गोष्ट पहिल्यांदा मोजून दाखवली ती लुडविक हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टरने आणि त्याची पत्नी हान्ना हिने. ती मोजणी झाली पहिल्या महायुद्धात, ग्रीसमधल्या एका लष्करी तळावर. मोजलेल्यांत भारतीय सैनिकही होते.

लुडविकचा जन्म ५ ऑगस्ट १८८४ रोजी वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण गेले वूच या गिरण्यांच्या शहरात. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता, वॉर्सा आणि वूच रशियाच्या झारच्या ताब्यात होती. वैद्यकाच्या शिक्षणासाठी तो जर्मनीला गेला, आधी व्युर्झबुर्गला आणि मग बर्लिनला. १९०५ मध्ये त्याने हान्नाशी लग्न केले. तीही डॉक्टर झाली, बालरोग हा तिचा विषय. पुढच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कामात ती बरोबरीने होती. तरी नाव घेताना लोक बहुधा एकट्या लुडविकचे घेतात.

डॉक्टर झाल्यावर तो हायडेलबर्गला एमिल फॉन डुंगर्न या संशोधकाकडे दाखल झाला. कार्ल लांडश्टायनरने व्हिएन्नात माणसाच्या रक्ताचे गट शोधून काढले होते, त्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. एकाच्या रक्तातला द्रव दुसऱ्याच्या लाल पेशींवर टाकला की काही वेळा पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, काही वेळा होत नाहीत. यावरून गट ठरत. हे गट माणसाला कुठून मिळतात, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी हायडेलबर्गमधल्या ७२ कुटुंबांतल्या आईवडिलांचे आणि मुलांचे रक्त तपासले. आईवडिलांपैकी कोणातच ए नसेल तर मुलात ए येत नाही, बीचेही तसेच. रक्तगट वारशाने मिळतो हे १९१० मध्ये सिद्ध झाले. त्या काळात गटांना रोमन आकडे देण्याच्या दोन पद्धती निघाल्या होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. एकीत ज्याला पहिला म्हणत त्याला दुसरीत चौथा. यातून रुग्णाच्या जिवावर काय बेतू शकले असते ते सांगायला नको. या दोघांनी सुटसुटीत अक्षरे वापरली: ए, बी, एबी आणि ओ. लांडश्टायनरने ज्याला सी म्हटले होते तो गट यांनी ओ केला. आज तुमच्या-माझ्या ओळखपत्रावर जे अक्षर छापलेले असते ते त्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून आले आहे.

यानंतर झ्युरिकमध्ये नोकरी, अध्यापन, प्रतिष्ठा असे सगळे सुरळीत चालले असताना महायुद्ध पेटले. १९१५ च्या सुरुवातीला सर्बियात टायफसची भयंकर साथ आली. हा टायफॉइड नव्हे. उवांमधून पसरणारा हा वेगळा ताप आहे. त्या छोट्या देशातले शंभराहून अधिक डॉक्टर या साथीत दगावले. स्वित्झर्लंडच्या तटस्थ सुरक्षिततेतून उठून हिर्शफेल्ड तिकडे गेला आणि पाठोपाठ हान्नाही गेली. सर्बियाचा पराभव झाला. त्याचे सैन्य भर हिवाळ्यात आल्बानियाचे डोंगर तुडवत समुद्राकडे हटले आणि पुढे ग्रीसमधल्या सलोनिका बंदराभोवती पुन्हा उभे राहिले. आजचे थेसालोनिकी ते हेच. तिथे सर्बियन सैन्याच्या प्रयोगशाळेचे काम हिर्शफेल्डकडे आले. हिवताप, आमांश, विषमज्वर यांनी छावण्या हैराण होत्या. याच काळात त्याने विषमज्वरासारखा ताप आणणारा एक नवा जंतू वेगळा काढला. पॅराटायफॉइड सी या आजाराच्या त्या जंतूला पुढे त्याच्याच नावावरून साल्मोनेला हिर्शफेल्डी म्हणू लागले.

सलोनिकात दोस्त राष्ट्रांनी जगभरातून सैन्य आणून ठेवले होते. इंग्रज, फ्रेंच, इटालियन, रशियन, सर्ब, ग्रीक आणि फ्रेंच वसाहतींमधले सेनेगाली, मादागास्करचे, आजच्या व्हिएतनाममधले सैनिक. ब्रिटिश फौजेबरोबर भारतीय. शिवाय युद्धकैदी आणि निर्वासित होतेच. एरवी एवढ्या देशांच्या लोकांचे रक्त तपासायचे तर अर्धी पृथ्वी पालथी घालावी लागली असती. इथे ते चार-दोन मैलांच्या अंतरावर तंबूंत राहत होते. हिर्शफेल्ड पतिपत्नींनी ही संधी ओळखली. साधारण प्रत्येक समूहातले पाचशे या हिशेबाने सोळा समूहांतल्या सुमारे आठ हजार माणसांचे गट त्यांनी नोंदवले.

रक्त द्यायला सैनिक तयार कसे झाले, हे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. इंग्रजांना शास्त्रीय काम आहे एवढे सांगितले की पुरे होई. फ्रेंचांना थट्टेने सांगितले जाई की कोणाबरोबर बिनधास्त पाप करता येईल ते यातून कळेल. आफ्रिकन सैनिकांना मात्र सांगितले गेले की कोणाला रजा द्यायची ते या तपासणीवरून ठरेल, आणि त्यांनी लगेच हात पुढे केले. हा मजकूर वाचताना मला दरवेळी ठेच लागते. घरापासून हजारो मैल दूर, दुसऱ्याच्या युद्धात आणलेल्या माणसाला रजेची खोटी आशा दाखवून रक्त घेणे आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. त्याने ते मोकळेपणी लिहिले आहे. त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटले नसावे.

तक्ता तयार झाला तेव्हा आकडे बोलू लागले. इंग्रजांमध्ये ए गट ४३.४ टक्के, बी अवघा ७.२, एबी ३ आणि ओ ४६.४ टक्के. भारतीयांमध्ये ए १९ टक्के, बी ४१.२, एबी ८.५ आणि ओ ३१.३ टक्के. बाकीचे समूह या दोन टोकांच्या अधेमधे पसरलेले. ढोबळमानाने पश्चिम युरोपातून पूर्वेकडे यावे तसा ए उतरत जातो आणि बी चढत जातो. हा निबंध आधी एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाकडे गेला. प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना यात रस नाही म्हणून तो परत आला. अखेर ऑक्टोबर १९१९ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापला गेला.

या तक्त्याचे दोन परिणाम झाले, एक चांगला आणि एक वाईट. चांगला आधी सांगतो, कारण त्यात हिर्शफेल्डची स्वतःची चूक त्याच्याच आकड्यांनी दुरुस्त झाली.

ए आणि बी हे गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे वारशाने येतात, असे हायडेलबर्गमध्ये त्याने आणि डुंगर्नने मानले होते. तसे असेल तर एक साधे गणित जमायला हवे. वर्गातल्या निम्म्या मुलांना चष्मा आहे, निम्म्यांचे केस कुरळे आहेत आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तर चष्मा आणि कुरळे केस दोन्ही असलेली मुले पाव वर्ग भरतील. हेच भारतीयांच्या आकड्यांना लावू. अंगात ए असलेले, म्हणजे ए आणि एबी मिळून, २७.५ टक्के. बी असलेले, म्हणजे बी आणि एबी मिळून, ४९.७ टक्के. यांच्या गुणाकाराने एबी गटाचे लोक जवळजवळ १३.७ टक्के निघायला हवेत. तक्त्यात ते ८.५ टक्केच आहेत. जर्मन गणितज्ञ फेलिक्स बर्नश्टाइन याने १९२४ मध्ये अशा लोकसमूहांच्या आकड्यांवरूनच दाखवून दिले की जुना नियम टिकत नाही. गुणसूत्रावर जागा एकच आहे आणि तिच्यावर ए, बी किंवा ओ यांपैकी एक काहीतरी बसते. एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून एबी गटाच्या माणसाला ओ गटाचे मूल सहसा होत नाही. जुन्या नियमाने ते होऊ शकत होते. पितृत्वाच्या खटल्यांत या फरकाला किती किंमत असेल याचा विचार करा.

आता वाईट परिणाम. आकड्यांची तुलना करायला हिर्शफेल्डने एक गुणोत्तर काढले. ए असलेल्यांचे प्रमाण भागिले बी असलेल्यांचे प्रमाण. इंग्रजांसाठी ते येते सुमारे ४.५ आणि भारतीयांसाठी साधारण अर्धा. इथवर ठीक. पण त्याने या भागाकाराला नाव दिले जैवरासायनिक वंशांक. मानवजातीत मुळात दोन जैवरासायनिक वंश असावेत, ए युरोपच्या बाजूला आणि बी भारताच्या बाजूला उगम पावला असावा आणि मग त्यांची सरमिसळ झाली असावी, अशी कल्पनाही त्याने मांडली. ती पुढे टिकली नाही. वंश हा शब्द मात्र चिकटला.

खरे तर त्याच तक्त्यात उत्तर होते. सोळाही समूहांत गट तेच चार आहेत. इंग्रजांत बी आहे, भारतीयांत ए आहे. बदलतो तो फक्त वाटा. हा वाटा गर्दीचा गुण आहे, माणसाचा नाही. एखाद्या बाटलीवर बी गट एवढेच लिहिलेले असेल तर ते रक्त लंडनच्या माणसाचे की लाहोरच्या, हे कोणालाही सांगता येणार नाही. आमच्याकडे आजही अधूनमधून एखादा नातेवाईक बाजूला घेऊन हळूच विचारतो की पिशवीतले रक्त कोणत्या लोकांचे आहे. त्याला जातच विचारायची असते. मी त्याला गट सांगतो, क्रॉसमॅच झाल्याचे सांगतो, आणि पिशवीला यापलीकडे काही विचारता येत नाही हेही सांगतो.

जर्मनीत १९२६ मध्ये रक्तगट संशोधनासाठी एक संस्था निघाली. तिच्या प्रमुखांपैकी ओटो रेखे हा मानववंशवादी होता. तथाकथित उत्तरी जर्मन रक्ताची खूण म्हणून ए आणि पूर्वेकडच्या परक्यांची खूण म्हणून बी, असे काहीतरी सिद्ध करण्याची त्या वर्तुळात धडपड होती. कोण आळशी, कोण गुन्हेगार, हेही गटांशी जोडून पाहिले गेले. आकडे काही साथ देईनात. जर्मनांतही बी होताच. हिर्शफेल्ड तोवर स्वतंत्र पोलंडमध्ये परतून वॉर्साच्या राज्य आरोग्यविज्ञान संस्थेत काम करत होता. रक्तगटांचा वंशश्रेष्ठतेच्या कल्पनांशी संबंध जोडणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही, असे त्याने तिसाव्या दशकात छापून जाहीर केले. माझ्या मते उशीर झाला होता. वंशांक हा शब्द त्यानेच बाजारात आणला होता आणि बाजारातला माल परत घेता येत नाही.

१९३५ मध्ये नाझी राजवटीने न्युरेंबर्गचे कायदे केले. त्यांची भाषा सगळी रक्ताची होती. पण ज्यू कोण, हे ठरवायचे आजी-आजोबांचा धर्म पाहून. चारांपैकी किती जण ज्यू धर्मसंस्थेत नोंदलेले होते, ते मोजून. प्रयोगशाळेत रक्त तपासून हे ठरवता येत नव्हते, कारण रक्तात तसे काही नव्हतेच. सगळ्या युरोपात ही गोष्ट हिर्शफेल्डइतकी पक्की क्वचितच कोणाला माहीत असेल. तो स्वतः कॅथलिक झाला होता. त्याने काही फरक पडला नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन वॉर्सात आले आणि त्याला संस्थेतून काढले गेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला, हान्नाला आणि त्यांची मुलगी मारिया हिला घेट्टोत, म्हणजे भिंत घालून बंद केलेल्या ज्यू वस्तीत, राहायला जावे लागले. चार लाखांहून अधिक माणसे तिथे कोंबली होती. उपासमार, कडाक्याची थंडी, अंगावर उवा. टायफस येणारच होता आणि आला. पंचवीस वर्षांपूर्वी सर्बियात ज्या रोगाशी झुंजायला तो आपणहून गेला होता, तो आता त्याच्या दारात होता आणि इथून बाहेर पडायची सोय नव्हती. घेट्टोच्या आरोग्य मंडळाचे काम त्याने अंगावर घेतले. साथरोग नियंत्रणाचा वर्ग चालवायला जर्मनांनी परवानगी दिली होती. त्या नावाखाली तिथल्या प्राध्यापकांनी चक्क वैद्यकीय महाविद्यालय चालवले. विद्यार्थी दिवसभर राबून, अर्धपोटी संध्याकाळच्या व्याख्यानांना येत. हिर्शफेल्ड त्यांना जंतुशास्त्र शिकवी. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पुढे मारले गेले. वाचलेल्यांपैकी काहींनी युद्धानंतर शिक्षण पूर्ण केले आणि ते डॉक्टर झाले.

१९४२ च्या उन्हाळ्यात घेट्टोतली माणसे गाड्यांत भरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली जाऊ लागली. त्या सुमारास हिर्शफेल्ड कुटुंब भिंतीबाहेर निसटले. पुढची दोन वर्षे खोट्या नावांनी, खेड्यापाड्यांत, ओळखीच्यांच्या आसऱ्याने. लपलेल्या अवस्थेतच १९४३ मध्ये मारिया वारली. तिला अजून पंचविशीही गाठायची होती. बालरोगतज्ज्ञ आई आणि साथरोगतज्ज्ञ वडील जवळ होते. याच काळात त्याने आत्मचरित्र लिहिले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

युद्ध संपताना तो साठीचा होता. आधी लुब्लिनमध्ये नवे विद्यापीठ उभारायला मदत केली, मग उद्ध्वस्त व्रोत्स्वाफ शहरात वैद्यक शाखेचा प्रमुख झाला. तिथे त्याने विशेष लक्ष दिले ते आई आणि गर्भ यांच्या रक्तगटांत बेबनाव झाल्यामुळे दगावणाऱ्या बाळांकडे. आरएच गटाचा शोध १९४० मध्ये लागल्यावर या दुखण्याचे कारण कळले होते. इथेही मुलखाचा फरक आहेच. युरोपीय लोकांत साधारण १५ टक्के आरएच निगेटिव्ह असतात, स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांत त्याच्या दुप्पट, आपल्याकडे पाचेक टक्के आणि चीन-जपानमध्ये एक टक्क्याहूनही कमी. आपल्या रक्तपेढ्यांत निगेटिव्ह पिशवीसाठी धावाधाव होते ती यामुळे.

हे वाटे असे का पडले, याचे उत्तर हिर्शफेल्डच्या दोन मूळ वंशांपेक्षा बरेच गुंतागुंतीचे निघाले. काही ठिकाणी निव्वळ योगायोग. मूठभर माणसे नव्या भूमीत गेली आणि त्यांच्यात जे गट होते तेच पुढच्या पिढ्यांत पसरले. दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत जवळजवळ सगळेच ओ आहेत. काही ठिकाणी रोगांनी निवड केली. ओ गटाच्या माणसाला जीवघेणा हिवताप तुलनेने कमी होतो, पण पटकी झाली तर ती अधिक तीव्र होते. पटकीचे माहेरघर असलेल्या गंगेच्या त्रिभुज प्रदेशात ओ कमी आढळतो, तो यामुळे असावा असे मानतात. सलोनिकाच्या तक्त्यात सगळे भारतीय एका रकान्यात घातले होते. प्रत्यक्षात उत्तर भारतात बी जास्त आणि दक्षिणेकडे ओ जास्त, असा फरक देशातच आहे. आणि १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्येच अशा लोकांची नोंद केली की ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसते, पण ज्यांना ओ रक्त चालत नाही. हाच बॉम्बे रक्तगट. आपल्याकडे तो साधारण दहा हजारांत एकाला असतो, युरोपात त्याहून कितीतरी विरळ. मघाशी एबी आणि ओबद्दल सहसा म्हटले, त्याचे एक कारण हा गट आहे. एबी गटाच्या माणसाचे मूल तपासणीत ओ दिसले तर संशय घेण्याआधी ही शक्यता पाहावी लागते.

हिर्शफेल्डने व्रोत्स्वाफमध्ये स्थापन केलेली प्रतिकारशास्त्राची संस्था आजही त्याच्या नावाने चालू आहे. ७ मार्च १९५४ रोजी तिथेच त्याचे निधन झाले. हान्ना त्याच शहरात बालरोगाची प्राध्यापक होती. ती आणखी दहा वर्षे जगली. १९५४ मध्येच इंग्लंडमध्ये आर्थर मोरंट यांचा जगभरच्या रक्तगटांच्या प्रमाणांचा मोठा ग्रंथ निघाला. सलोनिकाच्या छावणीत सोळा ओळींत मावलेल्या माहितीला तोवर एका जाड पुस्तकाची जागा लागू लागली होती.